वसईचा उत्तर तट

वसईचा किल्ला बघायचा तर सुरुवात पुण्यातून करावी, असं माझं मत आहे. शनिवार पेठेत मुठेच्या काठी ओंकारेश्वराचं देऊळ आहे. दर्शनाला येणाऱ्यांची तिथे दिवसभर ये-जा असते, श्रावणी सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते. तिथेच चिमाजीअप्पांची समाधी आहे. थोरल्या बाजीरावांचे हे धाकटे भाऊ. बाजीरावांच्या घोडदौडीचं पुण्याला कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. पण एका युरोपी सत्तेकडून तिचं दोनशे वर्षांचं तटबंदीचं शहर तलवारीच्या आणि सुरुंगाच्या जोरावर घेतलं ते अप्पांनी, १७३९ साली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि १७ डिसेंबर १७४० ला, आधीपासून दुखण्याने पोखरलेले अप्पाही गेले. तेव्हा ते जेमतेम तिशी ओलांडलेले होते. समाधीपाशी मी बराच वेळ थांबले, तेवढ्यात दर्शन आटोपून कितीतरी माणसं बाजूने निघून गेली. एका आजोबांनी मात्र नातवाला जवळ घेऊन सांगितलं, ‘हे वसईवाले अप्पा.’ एवढं ऐकूनही बरं वाटलं.

दुसरी खूण साताऱ्याच्या रस्त्यावर आहे. नसरापूरला आत वळलं की झाडीत बनेश्वर. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथल्या मोठ्या घंटेवर क्रूस आहे आणि खाली ओतीव आकडा आहे, १६८३. ही चर्चची घंटा, वसईच्या मोहिमेनंतर घाटावर आलेली. अशा घंटा आणखीही आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरलाही एक आहे. बनेश्वरची घंटा मी खालून, अगदी जवळून पाहिली. धातू काळवंडलाय, पण आकडे ठसठशीत आहेत. त्यातल्या आठाची दोन्ही वेटोळी सारखी नाहीत, वरचं लहान आणि किंचित कललेलं आहे. कुणा ओताऱ्याने हाताने केलेल्या साच्याची ती खूण. १६८३ साली, म्हणजे संभाजीराजे गोव्याच्या वेशीवर पोर्तुगीजांशी लढत होते त्याच वर्षी, ही घंटा ओतली गेली. छप्पन्न वर्षांनी ती घाटावरच्या सैन्याच्या हाती लागली. ती जिथून आली ते गाव पाहिल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही, म्हणून मी वसईला निघाले.

पुण्याहून गुजरातकडे जाणाऱ्या काही गाड्या मुंबईत न शिरता कल्याणहून भिवंडीच्या अंगाने वसई रोडला निघतात. मी मुद्दाम तीच वाट धरली. कारण एकच: ही उल्हास नदीची वाट आहे. उल्हास उगवते राजमाचीच्या खोऱ्यात, आपल्या लोणावळ्याच्या कुशीत. कर्जत, कल्याणवरून ती खाडी होते आणि तिचा एक फाटा वसईपाशी समुद्राला मिळतो. घाटावरचं पाणी ज्या तोंडातून समुद्रात जातं, नेमकं त्या तोंडाशी पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. कल्याण-भिवंडीहून निघालेलं कुठलंही गलबत या वाटेने बाहेर पडायचं तर वसईच्या तोफांखालून जाणार. शिवाजीमहाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे गलबतं बांधायला घेतली, तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा मुख्य. ही गलबतं उद्या आपल्याच समुद्रात उतरतील हे वसईच्या कप्तानाच्या ध्यानात आलं आणि त्याने त्या कारागिरांना फितवून काम सोडायला लावलं. नकाशा उघडा, खाडीवर बोट ठेवा, म्हणजे कप्तानाची धास्ती लगेच कळते.

वसई रोड स्टेशनवरून गाव तसं लांब आहे. बसने पारनाक्याला उतरले. तिथे वसईतले एक निवृत्त शिक्षक माझी वाट पाहत होते. ते इथल्या ख्रिस्ती समाजातले, घरात सामवेदी बोली बोलणारे आणि किल्ल्याचा दगडन्‌दगड ओळखणारे. त्यांनी आधीच बजावलं, ‘ताई, पुण्याची माणसं येतात ती अप्पांचा पुतळा, वज्रेश्वरी आणि नागेश्वराचं देऊळ बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. तुम्ही तसं करू नका. आपण बाहेरून, उत्तरेकडून येऊ. अप्पा आले तसं.’

मलाही हेच हवं होतं. वसईचा किल्ला दहा कोनांचा, दर कोनाला बुरूज आणि बहुतेक बुरजांना कुणा संताचं किंवा देवमातेचं नाव. खाडी, समुद्र आणि दलदल यांनी तो तीन बाजूंनी राखलेला. जमीन लागते ती उत्तरेला, तीही रेताड. त्यामुळे वेढा घालणाऱ्याला दुसरा पर्यायच नव्हता. या बाजूला सान सेबास्तियांव आणि रेमेदियोस हे बुरूज. आज तिथे वाट अरुंद आहे. घाणेरी आणि तरवड माजलाय, तटाच्या सांध्यांत पिंपळाने पाय रोवलेत. सरांनी काठीने झुडूप बाजूला केलं आणि सान सेबास्तियांवचा कोसळून पुन्हा बांधलेला भाग दाखवला. काळा ओबडधोबड दगड, मध्ये चुना आणि चुन्यात चक्क शिंपल्यांचे तुकडे. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली. तटाची जाडी पाहून पहिल्यांदा मनात येतं, हे माणसाने फोडलं कसं?

फोडायला दोन वर्षं लागली. त्याआधीही खाडीपलीकडच्या साष्टी बेटात असंतोष बराच साचला होता. गोव्यातल्या धर्मन्यायालयाची सावली इथवर पोचत होती, हिंदूंना आपले संस्कार उघडपणे करणं मुश्कील झालं होतं आणि अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ पुण्याकडे दाद मागत होते. पण नुसत्या गाऱ्हाण्यावर मोहीम उभी राहत नाही. पोर्तुगीजांनी ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला होता. तो पुरा झाला असता तर साष्टीचं दार कायमचं बंद झालं असतं. म्हणून १७३७ च्या मार्चअखेर, किल्ला अर्धवट असतानाच, मराठे खाडी ओलांडून ठाण्यात घुसले आणि साष्टी हाती आली. वसईवरचे पहिले हल्ले मात्र त्याच वर्षी साफ फसले. शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर यांच्यासारखी माणसं नेटाने लढली, पण तट हलला नाही.

मग अप्पांनी घाई सोडली, आणि मला त्यांच्या कर्तृत्वातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. १७३८ च्या शेवटी पोर्तुगीजांनी ठाणे परत घ्यायचा घाट घातला तो उधळला गेला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. १७३९ च्या जानेवारीत अप्पा स्वतः उत्तर कोकणात उतरले आणि वसईला हात न लावता आधी तिची बोटं छाटली: केळवे-माहीम, डहाणू, तारापूर. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले, मोहिमेतला मोठा मोहरा गेला. त्याच जानेवारीत व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे ठाण्याच्या नव्हे, गोव्याच्या साष्टीत शिरले व त्यांनी मडगाव घेतलं. त्यामुळे गोव्याचा व्हाइसरॉय काउंट सांदोमिल याला स्वतःचाच बचाव करायची पाळी आली, वसईला तो काय पाठवणार? फेब्रुवारीत वेढा आवळला तेव्हा वसई एकटी पडली होती.

‘आता इथे उभं राहून विचार करा,’ सर म्हणाले. ‘समोर रेती. आडोसा नाही. वरून तोफा आणि हातगोळे. पलीकडे बहादूरपुऱ्यात छावणी. खंदक खणत खणत पुढे यायचं आणि तटाच्या पायाशी भुयार न्यायचं. रेतीत भुयार टिकवणं म्हणजे काय काम असेल!’

त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, आणि गंमत म्हणून नव्हे, मनापासून. हे त्यांचं गाव आहे. तटाच्या आतले लोकही त्यांचे, बाहेरचेही.

मे महिन्याच्या सुरुवातीला बुरजांखाली सुरुंग पेरून झाले. ते पेटवले तेव्हा सगळे एका वेळी उडाले नाहीत. खिंडार पडलंसं पाहून माणसं धावली आणि मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडून आपलीच फळी गाडली गेली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला आणि सान सेबास्तियांव ढासळला. त्या खिंडारातून मराठे वर चढले. ‘किल्ला मिळत नसेल तर माझं शिर तोफेला बांधून आत उडवा’ असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका इथे सगळे सांगतात. आख्यायिका असेल. पण एप्रिलमध्ये दिल्लीहून येणाऱ्या बातम्या काय होत्या ते लक्षात घेतलं तर तशी घालमेल त्यांच्या मनात असणारच. फेब्रुवारीत नादिरशहाने कर्नालला मुघल फौज मोडली होती, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली होती. तो दक्षिणेकडे वळलाच तर अडवायला बाजीरावांना माणसं हवी होती आणि मराठ्यांचं उत्तम सैन्य वसईच्या रेतीत अडकून पडलं होतं. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदारही इथेच. एका बाजूला इराणचा बादशहा, दुसऱ्या बाजूला लिस्बनचा राजा आणि मधे घाटावरचं एक घराणं. १७३९ चा उन्हाळा पुण्याने कसा काढला असेल!

शरणागतीचा करार कप्तान काएतानो द सौझा परेरा याने केला. त्याच्या आधीचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिश वेढ्यातच मारला गेला होता. अप्पांनी अटी उदार दिल्या: आठ दिवसांत किल्ला रिकामा करायचा, सैनिकांनी हत्यारं आणि निशाणांसह मानाने जायचं, मागे राहतील त्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक. आपल्या बाजूची ५ हजारांवर माणसं मेली-जखमी झाली होती, पोर्तुगीजांची आठशेच्या घरात. एवढं रक्त सांडल्यावर जिंकणाऱ्याला सूड सुचतो. या कराराचा शब्द पाळला गेला, ही गोष्ट मला बुरूज फोडण्याइतकीच थोर वाटते.

भूमी दरवाजाने आत शिरलो. आत एक आख्खं शहर पडून आहे. ताडांच्या आणि चिंचांच्या मधून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना छपरं नसलेली चर्चेस, मठ, कोर्ट, कोठारं. सान जुझेचा मनोरा लांबूनच दिसतो. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून डौलात उभी आहे, तिच्या खांबांवरचं कोरीव काम आजही मोजून घ्यावं इतकं रेखीव. वसईचा दगड आणि वसईचे पाथरवट तेव्हा इतके नावाजलेले होते की गोव्यातल्या बॉम जेझुसच्या दर्शनी भागालाही हाच काळा दगड गेला. जहाजांसाठी सागवान इथून, दगड इथून, तांदूळ-ऊस इथून. गोव्याखालोखाल श्रीमंत गाव ते हेच, उत्तरेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांचा हात धरला आणि वसई त्यांना देऊन टाकली. सोबत आसपासची बेटंही गेली, त्यांत मुंबई होती. तीन वर्षांत बहादूरशहा दीवजवळ समुद्रात मारला गेला, तोही पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत. पुढे सव्वाशे वर्षांनी, १६६१ च्या लग्नाच्या तहात, पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि खाडीपलीकडे नवा शेजारी आला. वसईच्या पोर्तुगीजांना ती देणगी कधीच पचली नाही.

फ्रान्सिस्कनांच्या सांत आंतोनियो चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत. एका फरशीवर मी खाली बसून हात फिरवला. वर शिरस्त्राण, खाली ढाल, ढालीत कुणा घराण्याची चिन्हं आणि भोवती पोर्तुगीज अक्षरं, मधेमधे पार झिजलेली. बाजूच्या भिंतीशी एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं, छायाचित्रकार मुलीला ओढणी वाऱ्यावर धरायला सांगत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या फरशीवर कुणीतरी चुन्याने नाव लिहिलं होतं त्याचं. सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि जुना पंचा काढला आणि न बोलता ते पुसायला बसले. मीही बसले. हे त्यांचं नेहमीचं काम आहे.

याच मातीतल्या गोन्सालो गार्सिया याला १५९७ साली जपानात, नागासाकीला, क्रुसावर चढवलं. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याची गोष्ट सांगताना सर थांबले आणि त्यांनीच विचारलं, ‘तुमच्याकडच्या घंटा कशा आहेत?’

मी बनेश्वरच्या घंटेचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून क्रूस पाहिला, आकडा पाहिला.

‘वाजवतात?’

‘हो. येणारा प्रत्येक जण वाजवतो.’

‘परत द्या असं आमच्यात कधीमधी कुणी म्हणतं. मला तसं वाटत नाही. पण तिथे एक पाटी लावा. ही वसईची, अमुक साली ओतलेली, अमुक युद्धात आलेली. वाजवणाऱ्याला कळू दे तो काय वाजवतोय.’

मागणी अगदी साधी आहे आणि पुण्या-नाशकाच्या देवस्थानांनी ती मनावर घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

दर्या दरवाजाकडे निघालो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. या दाराबाहेर लगेच पाणी. पोर्तुगीजांचं साम्राज्य अशाच दारांवर उभं होतं. आत मुलूख फारसा नाही, पण मोक्याच्या खाड्या आणि बंदरं ताब्यात, आणि त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय समुद्रात गलबत घालायचं नाही असा दरारा. आपल्या राजांनाही हे परवाने घ्यावे लागत. पण दारं निखळत गेली. १६२२ ला होर्मुझ, १६४१ ला मलाक्का, पुढे कोलंबो, कोची, आणि १६९८ ला ओमानच्या अरबांनी मोंबासाचा किल्ला घेतला. वसईवरही मस्कतचे अरब येऊन लूट करून गेले होते. म्हणजे अप्पा आले तेव्हा हे साम्राज्य दमलेलं होतं. तरी त्याने तीन महिने दम धरला, हे त्या कप्तानांच्या पदरात टाकलं पाहिजे.

आणि त्या तीन महिन्यांत खाडीपलीकडचे इंग्रज काय करत होते? वसईच्या कप्तानाने मदत मागितली, तेव्हा मुंबईकरांनी सैन्य दिलं नाही. १५ हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. वसई पडताच कॅप्टन इंचबर्ड अप्पांकडे बोलणी करायला हजर झाला आणि व्यापाराचा तह करून गेला, दुसरा एक वकील साताऱ्याला शाहूमहाराजांकडे गेला. त्याच सुमारास मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहराभोवती खंदक खणायला ३० हजार रुपये वर्गणी काढली, कारण आता मराठे उंबऱ्याशी आले होते. लढाई दोघांत झाली आणि शहाणा झाला तिसरा. १७४० च्या तहात रेवदंडाही पोर्तुगीजांनी सोडला, तेव्हाही मध्यस्थ इंग्रजच होते.

पाचूबंदरच्या बाजूला वलांड्यांवर बोंबील सुकत घातले होते. एक कोळीण ते खालीवर करत होती. पुण्याहून आले म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग बोटीने भाईंदरला जा ना ताई. मुंबईवरून वळसा कशाला?’ तिने मला धक्क्याचा रस्ता दाखवला. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झालीय. मोटारी, स्कूटर, माणसं सगळं एका तराफ्यावर, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. सरांचा निरोप घेऊन मी तीच धरली.

बोट सुटली आणि किल्ला पहिल्यांदा पाण्यावरून दिसला. जमिनीवरून तो मोडका दिसतो, पाण्यावरून तसा दिसत नाही. तट सलग लांबत जातो, वर ताड, मागे मनोरे. बंदरात शिरणाऱ्याला दोनशे वर्षं हेच दिसत होतं. आणि तिथेच मला इतके दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट स्वच्छ झाली. आपण हा किल्ला पाठीमागून घेतला. ठाण्याहून, रेतीतून, सुरुंगाने. जमिनीवरच्या माणसाने जमिनीवरच्या युक्तीने घेतलेला तो समुद्रकाठचा किल्ला होता. पुण्याने किनारा जिंकला, पाणी जिंकलं नाही.

पाणी होतं मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांकडे. पण कान्होजी गेल्यावर त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली आणि पुण्याने ती मिटवण्याऐवजी वापरली. पुढे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना, तेव्हा नानासाहेबांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जाळलं. तुळाजीचं वागणं मी झाकणार नाही, तो पेशव्यांच्या मुलखालाही त्रास देत होता. पण घरातल्या भांडणापायी घरातलं आरमार परक्याकडून जाळून घ्यायचं, ही चूक वसईच्या विजयाने जे कमावलं ते पार धुऊन नेणारी होती. चिमाजीअप्पांनी सतरा वर्षांपूर्वी ज्या शत्रूला खाडीपलीकडे थोपवलं होतं, त्याच्या वाटेतली शेवटची मोठी अडचण पुण्यानेच काढून टाकली. पेशव्यांचं स्वतःचं आरमार पुढेही राहिलं आणि १७८३ ला आनंदराव धुळपांनी इंग्रज गलबतांना चांगलाच हात दाखवला, पण तोवर समुद्राचा मालक ठरून गेला होता.

बाकीचं मग एकापाठोपाठ घडत गेलं. १७७४ अखेर इंग्रजांनी ठाणे घेतलं. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, तीही थोड्याच आठवड्यांत. सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. आणि १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरपाशी पेशव्यांची फौज मोडली तेव्हा दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि इंग्रज जहाजाच्या आसऱ्याने कुठे आले, तर वसईला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी इथे कर्नल क्लोजबरोबर तह केला: ६ हजार इंग्रजी पायदळ कायमचं पोसायचं, त्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, परराज्यांशी व्यवहार इंग्रजांना विचारून. अप्पांच्या पुतण्याचा हा मुलगा. पुतण्या रघुनाथराव, म्हणजे नानासाहेबांचे बंधू, आणि त्यांचे हे चिरंजीव, असं ते नातं. पाच हजारांवर माणसांचं रक्त ज्या तटापाशी सांडलं, त्याच तटाच्या आत बसून त्यांनी सही केली. पुढच्या मे महिन्यात इंग्रज फौजेच्या पहाऱ्यात ते पुण्याला परतले.

भाईंदरचा धक्का जवळ आला. शेजारी स्कूटरवर बसलेला मुलगा कॉलेजचा होता, रोज या बोटीने जातो म्हणाला. किल्ल्याविषयी विचारलं तर तो म्हणाला, ‘आम्ही तिथे क्रिकेट खेळतो, पण लढाई नेमकी कुठल्या बाजूला झाली ते कुणी दाखवलं नाही.’

पुण्यातल्या शाळांनी वसईची सहल काढावी, अशी माझी विनंती आहे. रायगड, प्रतापगड होतात, तसं हेही व्हायला हवं. हिवाळ्यात न्या, पावसाळ्यानंतर उत्तरेकडची झुडपं कापलेली असतील तेव्हा. सकाळी पारनाक्याला उतरा, दरवाजाने लगेच आत जाऊ नका, आधी सान सेबास्तियांवच्या पायथ्याशी मुलांना रेतीत उभं करा आणि तिथून तट किती उंच दिसतो ते बघू द्या. मग चर्चेस, मग दर्या दरवाजा. पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या घ्या, आत सावली आहे पण दुकान नाही. आणि परतताना बस रिकामी पुढे पाठवून मुलांना रो-रोने भाईंदरला आणा. बोटीच्या मागच्या कठड्याशी उभं राहिलं तर भाईंदर येईपर्यंत किल्ला दिसतो.